कापसाच्या वाटेने आलेले गाणे

रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडने ७ एप्रिल २००३ रोजी मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर कार्यक्रम केला. त्याआधी तीन दिवस, ४ एप्रिलला, ते बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून आले होते. बँडला चाळीस वर्षे झाली म्हणून काढलेल्या जागतिक दौऱ्यातले हे दोन मुक्काम. सार्सच्या साथीमुळे याच दौऱ्यातले शांघाय आणि बीजिंगचे कार्यक्रम रद्द झाले, हाँगकाँगचे पुढे ढकलावे लागले. भारतातले तेवढे पार पडले. मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स तेव्हा ५९ वर्षांचे होते, ड्रमवादक चार्ली वॉट्स ६१ वर्षांचा आणि रॉनी वुड ५५ वर्षांचा. चौघांच्या वयाची बेरीज २३४ भरते. अशा बेरजा करून हसण्याची त्या काळी जगभर हौसच होती. आजोबांनी आता नातवंडे खेळवावीत, घट्ट विजारी घालून मंचावर धावू नये, असा त्या विनोदांचा सूर असे.

या थट्टेच्या मुळाशी एक समजूत आहे. हे संगीत तरुणांचे, बंडखोरीचे, रक्त उसळत असतानाचे. म्हणून म्हाताऱ्याने ते गाणे हास्यास्पद, अशी ती समजूत. मराठी श्रोत्याने ती निमूट स्वीकारावी याचे खरे तर आश्चर्य वाटायला हवे. मल्लिकार्जुन मन्सूरांची कीर्ती देशभर पसरली ती साठीनंतर. यमुनाबाई वाईकरांची लावणी उतारवयात अधिक खोल झाली, असे जाणकार सांगत आले. आपल्याकडे गवयाच्या पिकलेल्या केसांना मान आहे. मग हाच न्याय या विलायती मंडळींना का लागू नये? ‘ते संगीतच वेगळे’ हे उत्तर तयार असते. इतिहास तपासला तर हे उत्तर टिकत नाही. त्यासाठी लंडनहून मागे जावे लागते ते कापसाच्या शेतापर्यंत. आणि कापसाच्या शेताकडे जाणारी एक वाट आमच्या बुलढाणा जिल्ह्यातूनही जाते.

काळी माती, दोन खंड

चिखलीहून खामगावकडे जाताना वाटेत अमडापूर लागते. टेकडीवर बल्लाळदेवीचे मंदिर आणि भोवती काळ्या मातीचे शिवार. आज या शिवारात कापसाहून सोयाबीन अधिक दिसते. पण वऱ्हाडचे नाव जगाच्या बाजारात गेले ते कापसामुळे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली. लँकेशायरच्या गिरण्या तोवर आपल्या कापसाचा मोठा हिस्सा, सुमारे तीन चतुर्थांश, अमेरिकेतून आणत असत. तो थांबताच मँचेस्टरची नजर वऱ्हाडावर स्थिरावली. युद्ध संपल्यावर तेजी ओसरली, तरी वऱ्हाडी कापसावरची नजर काही हटली नाही. मध्यप्रांत आणि वऱ्हाडासाठी खास कापूस आयुक्त नेमला गेला. १८६७ पर्यंत लोहमार्ग नागपूरला भिडला आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याने जलंबहून खामगावला जाणाऱ्या फाट्याचे उद्घाटन केले. जेमतेम तेरा-चौदा किलोमीटरचा तो फाटा. एवढ्याशा मार्गासाठी व्हाइसरॉय खामगावला येतो, यावरून गाठींचे मोल कळावे.

ज्या प्रदेशाची उणीव वऱ्हाडने काही वर्षे भरून काढली, तोच ब्लूज या संगीताचा जन्मप्रदेश होय. मिसिसिपी राज्याच्या वायव्येकडील सखल, काळ्याभोर गाळाच्या पट्ट्याला तिथे ‘डेल्टा’ म्हणतात. युद्धानंतर गुलामगिरी कायद्याने संपली, पण मुक्त झालेला काळा माणूस त्याच मळ्यांवर बटईने कापूस पिकवू लागला. बी-बियाणे आणि किराणा मळ्याच्या दुकानातून उधार घ्यायचा, हंगामाअखेर हिशेब मालकाने करायचा, आणि हिशेबाअंती बहुधा शेतकऱ्याच्याच अंगावर बाकी निघायची. सालदारकी आणि सावकारी ज्यांनी जवळून पाहिली आहे, अशा वऱ्हाडी वाचकाला हे फोडून सांगण्याची गरज नाही. अशा जगण्यातून, विसाव्या शतकाच्या आरंभी, एक माणूस आणि एक गिटार एवढ्याच भांडवलावर ब्लूज आकाराला आला. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. बारा मात्राखंडांचे एक आवर्तन. गळ्याने विचारायचे आणि गिटारने हुंकार भरायचा.

हे संगीत पहिल्यापासूनच प्रौढांचे होते. त्यातले विषय पाहा: कर्ज, पूर, तुरुंग, घर सोडून गेलेले माणूस, मरण. विशीच्या पोराला यातले सगळे ठाऊक असण्याचे कारण नाही.

मडी वॉटर्स हा गायक क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर राबत असे. लोकगीते गोळा करीत फिरणाऱ्या अ‍ॅलन लोमॅक्सने १९४१ मध्ये त्याचे गाणे अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी ध्वनिमुद्रित केले. दोन वर्षांनी मडी मळा सोडून शिकागोला गेला. शहराच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून विजेची आली. पाठोपाठ ड्रम, पियानो, माउथ ऑर्गन आले. १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी साप्ताहिकाने काळ्यांच्या लोकप्रिय तबकड्यांच्या यादीचे जुने, वंशवाचक नाव टाकून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ असे नाव दिले. शिकागोच्या चेस कंपनीच्या तबकड्या या नावाखाली जगभर गेल्या. मडी वॉटर्सच्या १९५० मधल्या एका गाण्यावरूनच पुढे लंडनच्या पोरांनी आपल्या बँडचे बारसे केले.

मँचेस्टरमधले गुरुकुल

२१ ऑक्टोबर १९६२ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये अमेरिकी ब्लूज गायकांचा एक जलसा झाला. जर्मनीच्या दोन आयोजकांनी त्या वर्षीपासून असे दौरे काढायला सुरुवात केली होती. जॉन ली हूकर, टी-बोन वॉकर, मेम्फिस स्लिम, विली डिक्सन अशी मंडळी त्यात होती. लंडनहून एका व्हॅनमधून काही पोरे हा जलसा ऐकायला गेली. त्यात जॅगर, रिचर्ड्स, ब्रायन जोन्स आणि पुढे लेड झेपेलिन स्थापणारा जिमी पेज होते.

ही इमारत कोणती हे ध्यानात घ्यावे. १८४६ मध्ये धान्यावरील आयातकराचे कायदे रद्द झाले, त्या मुक्त व्यापाराच्या विजयाचे स्मारक म्हणून ती १८५० च्या दशकात बांधली गेली. मँचेस्टरच्या मुक्त व्यापाराचा पाया म्हणजे कापूस. मिसिसिपीचा कापूस या शहरात आला तसा वऱ्हाडचाही आला. ज्यांच्या बापजाद्यांनी तो वेचला ते शतकभराने त्याच शहरात गिटार घेऊन उभे राहिले, आणि त्यांना ऐकायला गोऱ्यांची मुले दाटीवाटीने बसली. १९६४ च्या मे महिन्यात तर ग्रॅनाडा टेलिव्हिजनने मँचेस्टरच्याच एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर मडी वॉटर्स आणि सिस्टर रोझेटा थार्प यांचा कार्यक्रम चित्रित केला. एका फलाटावर गायक, समोरच्या फलाटावर श्रोते.

ब्रिटनमध्ये मशागत आधीच झाली होती. ख्रिस बार्बर याने १९५८ मध्ये मडी वॉटर्सला इंग्लंडला आणले होते. अलेक्सिस कॉर्नर आणि सिरिल डेव्हिस यांनी १७ मार्च १९६२ रोजी लंडनच्या ईलिंग भागात एका तळघरात ऱ्हिदम अँड ब्लूजचा क्लब सुरू केला. पुढे नावारूपाला आलेले कितीतरी वादक तिथे उमेदवारी करून गेले. १२ जुलै १९६२ रोजी मार्की क्लबमध्ये रोलिंग स्टोन्स या नावाने पहिला कार्यक्रम झाला. जॉन मेयॉलने १९६३ मध्ये ब्लूजब्रेकर्स काढले. एरिक क्लॅप्टन, पीटर ग्रीन, मिक टेलर हे तिघेही त्याच्याच तालमीतून गेले. यार्डबर्ड्स, अ‍ॅनिमल्स, प्रिटी थिंग्ज ही सगळी त्याच दोन-तीन वर्षांतली पैदास.

या पोरांचे गुरू कोणत्या वयाचे होते? मे १९६५ मध्ये अमेरिकेच्या ‘शिंडिग’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात स्टोन्सना बोलावणे आले, तेव्हा हाउलिन वुल्फलाही बोलवा असा आग्रह त्यांनी धरला. गोऱ्या अमेरिकी कुटुंबांच्या दिवाणखान्यात वुल्फ प्रथमच अशा रीतीने पोचला. तो गात होता आणि स्टोन्स त्याच्या पायाशी बसून ऐकत होते. वुल्फ त्या वेळी ५४ वर्षांचा होता. म्हणजे ब्रेबर्नवर आलेल्या चौघांतला सर्वांत धाकटा रॉनी वुड हा त्या दिवशीच्या वुल्फपेक्षा वर्षभराने मोठाच होता. विशीतल्या पोरांनी पन्नाशीतल्या माणसांचे गाणे उचलले, हा या इतिहासातला अपवाद होता. २००३ मध्ये गाणे आणि गाणाऱ्याचे वय यांचा मेळ प्रथमच नीट बसला होता, असे म्हणायला हरकत नाही.

ऋण आणि परतफेड

गुरुशिष्यांची ही कथा एवढ्यावर संपली असती तर बरे झाले असते. पण पैसा शिष्यांकडे वाहिला. विली डिक्सनचे एक गाणे स्टोन्सने डिसेंबर १९६४ मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेले. डिक्सन स्वतः आपल्या गाण्यांच्या हक्कांसाठी आयुष्यभर झगडत राहिला. लेड झेपेलिनच्या एका गाजलेल्या गाण्यात आपले शब्द आहेत असा दावा त्याने १९८५ मध्ये लावला आणि १९८७ मध्ये तडजोड झाली. स्टोन्सच्या १९६९ च्या तबकडीवर रॉबर्ट जॉन्सनच्या गाण्याखाली भलतेच नाव छापलेले होते. कापसाचा भाव शेतात ठरत नाही, तसा गाण्याचाही ठरला नाही.

तरीही या व्यवहाराला दुसरी बाजू आहे. १९७० मध्ये आजारी हाउलिन वुल्फला लंडनला आणून क्लॅप्टन, वॉट्स, बिल वायमन आदींनी त्याच्यासोबत तबकडी केली. २२ नोव्हेंबर १९८१ रोजी, प्रचंड स्टेडियमचा दौरा चालू असताना, स्टोन्स शिकागोच्या चेकरबोर्ड लाउंज या लहानशा क्लबात गेले आणि सत्तरीला टेकलेल्या मडी वॉटर्ससोबत त्यांनी त्याचीच गाणी गायली. दीड वर्षाने मडी वारला. त्या रात्रीचे चित्रण उपलब्ध आहे. जगातला सर्वांत महागडा गायक तिथे आज्ञाधारक शागिर्दासारखा वागतो. म्हातारा नावाने पुकारतो, तेव्हा तो मंचावर चढतो.

या मंडळींनी पैशाची फेड किती केली हा वादाचा विषय राहील. पण एका बाबतीत त्यांनी शब्द पाळला: ते वाजवत राहिले. गुरूंनी मरेपर्यंत मंच सोडला नाही, शिष्यांनीही सोडला नाही. आणि वाजवत राहण्यात केवळ गल्ला होता असे म्हणावे, तर गल्ल्याविना वाजवणाऱ्यांचे काय करायचे? डिक टेलर हा मार्कीमधल्या त्या पहिल्या रात्री स्टोन्सचा बासवादक होता. तो लवकरच बाहेर पडला आणि फिल मे याच्यासह त्याने १९६३ मध्ये प्रिटी थिंग्ज काढला. स्टोन्सची श्रीमंती त्याच्या वाट्याला आली नाही. मध्ये खंड पडले, तरी १३ डिसेंबर २०१८ रोजी लंडनमध्ये या बँडने निरोपाचा कार्यक्रम केला, तेव्हा टेलर ७५ वर्षांचा होता आणि मंचावर होता. डॉ. फीलगुडचा गिटारवादक विल्को जॉन्सन याला जानेवारी २०१३ मध्ये असाध्य कर्करोगाचे निदान झाले. उपचार नाकारून त्याने निरोपाचा दौरा काढला, शस्त्रक्रियेने अनपेक्षितपणे वाचला, आणि पुन्हा वाजवू लागला. २०२२ मध्ये तो गेला. जॉन मेयॉल २०२४ च्या जुलैमध्ये नव्वदाव्या वर्षी वारला; ऐंशी उलटल्यावरही वर्षानुवर्षे त्याचे दौरे चालू होते.

म्हातारपणी या वादनात काय बदलते? वेग थोडा उतरतो, पट्टी खाली येते, दमसास कमी पडतो. पण ब्लूजमध्ये न वाजवलेल्या जागांना मोल असते आणि त्या जागा सोडायला वय शिकवते. चार्ली वॉट्सचे उदाहरण घ्या. डाव्या हाताने मुख्य ठोका देताना त्याचा उजवा हात झांजेवरून किंचित उचलला जाई. त्यामुळे ठोका मोकळा, ठसठशीत उमटे. एरवी बँड ड्रमच्या मागे जातो. स्टोन्समध्ये ड्रम रिचर्ड्सच्या गिटारमागे जाई, आणि त्यातून जी सूतभर ओढ निर्माण होई तीच त्यांच्या लयीची ओळख ठरली. ढोलकीवाला लावणीवालीच्या पावलांकडे पाहून ठेका कसा सैल-घट्ट करतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे लगेच उमगेल. असली समज तालमीने येत नाही, चाळीस वर्षे एकत्र वाजवल्याने येते. वॉट्स २४ ऑगस्ट २०२१ रोजी गेला. बँड पुढे चालू राहिला. २०२४ चा त्यांचा अमेरिकी दौरा ज्येष्ठ नागरिकांच्या एका संघटनेने पुरस्कृत केला होता. २००३ मधल्या थट्टेला एवढे समर्पक उत्तर दुसरे नसावे. त्याआधी, २०२३ मध्ये आलेल्या त्यांच्या तबकडीच्या शेवटी जॅगर आणि रिचर्ड्स या दोघांनीच मडी वॉटर्सचे ते नाव देणारे गाणे गायले आहे.

मुंबईचा किनारा

मुंबईला हे सूर नवे नव्हते. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपल्या दोन गाण्यांचे ध्वनिमुद्रण केले, जे २०१५ मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झाले. कुलाब्याच्या स्लिप डिस्क या क्लबातही ते स्थानिक वादकांसह वाजवून गेले. त्याच दशकात आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा नंदू मुंबईच्या रॉक मंचावर गात होता, आणि १९७८ मध्ये ‘तीन पैशाचा तमाशा’तून ती पाश्चात्य धाटणीची गायकी मराठी रंगभूमीवर आली. नंदू भेंडे २०१४ मध्ये वारले. मराठी माणसाने या संगीताला दिलेला तो मोजक्या आवाजांपैकी एक.

पण ब्रेबर्नवरच्या त्या रात्रीला आणखी एक अर्थ होता. १८६१ ते १८६५ च्या कापूस-तेजीत मुंबईत पैशाचा पूर आला आणि बॅकबेचा समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. युद्ध संपताच त्या बुडाल्या. ते स्वप्न विसाव्या शतकात काही अंशी पुरे झाले आणि त्याच भरणीवर १९३७ मध्ये ब्रेबर्न उभे राहिले. मिसिसिपीचा कापूस थांबला म्हणून वऱ्हाडचा कापूस खपला, त्या पैशावर ज्या किनाऱ्याची स्वप्ने रंगली, तिथेच मिसिसिपीचे गाणे लंडनमार्गे येऊन वाजले. मंचावर बास वाजवणारा डॅरिल जोन्स शिकागोचा कृष्णवर्णीय. म्हणजे मूळ घराण्याचा एक वारसही हजर होता. पुढे २०११ मध्ये मेहबूब स्टुडिओत महिंद्र ब्लूज महोत्सव सुरू झाला आणि लुईझियानात कापूस वेचत वाढलेला, ७४ वर्षांचा बडी गाय तिथे गायला, तेव्हा गुरूंची पिढीच दारी आली.

आमच्या झडत्या

आता मूळ प्रश्न. कापूस दोन्हीकडे होता, कर्ज दोन्हीकडे होते. मग वऱ्हाडने काय गायले?

गायले नाही असे नाही. पोळ्याच्या दिवशी सजवलेले बैल तोरणाखाली उभे राहतात आणि झडत्या सुरू होतात. एकाने यमकांत बांधलेल्या ओळी फेकायच्या आणि जमावाने महादेवाच्या गजराने त्या उचलायच्या. वरवर सणाची गंमत, पण आत सावकार असतो, पडलेला भाव असतो, न आलेला पाऊस असतो, साहेबाची टिंगल असते. बैलाच्या आडून माणसाने आपले दुखणे सांगायचे, ही रीत ब्लूजला परकी नाही. तिथेही कोंबडा, खेचर, बोंडअळी यांच्या आडून मालकाबद्दल बोलले जाई. आणि झडती म्हणणाऱ्यात पिकल्या मिशीच्या माणसाचा आवाज चढा असतो. त्याच्या वयाला कोणी हसत नाही. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली त्यांत बुलढाणाही होता. त्या वर्षांच्या झडत्यांत काय होते, हे ज्यांनी ऐकले त्यांनाच माहीत.

फरक आहे तो वाहकांचा. मिसिसिपीच्या गाण्याला आधी लोमॅक्स भेटला, मग चेस कंपनी भेटली, आणि मग व्हॅनमधून मँचेस्टर गाठणारी विशीतली पोरे भेटली. त्या पोरांनी उसने घेतले, कधी नाव गाळले, पैसा कमावला. पण ते गाणे त्यांनी साठ वर्षे, स्वतः म्हातारे होईपर्यंत, खांद्यावरून उतरवले नाही. या हट्टामुळेच वुल्फचे आणि मडीचे नाव मुंबईपर्यंत आले. झडत्यांना असा हट्टी शिष्य अजून मिळायचा आहे.

म्हणून या वृद्ध बँडांकडे पाहताना त्यांच्या सुरकुत्या मोजण्यापेक्षा त्यांनी आयुष्यभर कोणाचे ओझे वाहिले ते पाहावे. कापसाच्या गाठी खामगावच्या फाट्यावरून गेल्या आणि परत आल्या त्या कापड होऊन, चढ्या भावाने. गाणेही तसेच फिरून आले. पण ज्याच्या शेतातले होते त्याचे नाव त्याच्यावर शाबूत राहिले. अमडापूरच्या तोरणाखाली येत्या पोळ्याला कोणी म्हातारा झडती म्हणेल. शेजारी उभ्या असलेल्या विशीतल्या पोराने ती केवळ मोबाइलमध्ये टिपून न ठेवता पाठ करावी आणि सत्तरीपर्यंत म्हणत राहावी, एवढी शिकवण या विलायती म्हाताऱ्यांकडून घेण्यासारखी आहे.